लेकरं अंदमानात, चर्चा पोंभुर्ण्यात

ऐकलं का? गुरुजी सहकुटुंब अंदमानला निघालेत! सोबत चार वर्षांची पोरगी आणि अजून बाटलीनं दूध पिणारं पोट्टं. नवस फेडायला नाही, कुणाच्या लग्नाला नाही, दवाखान्यासाठीही नाही. निव्वळ समुद्रात पाय बुडवायला! पोंभुर्ण्याच्या बसस्टँडवर ही बातमी सकाळच्या चहाबरोबर आली. संध्याकाळी ती भिशीत पोचेपर्यंत तिला इतके पाय फुटले होते, की गुरुजींनी तिकडं जागा घेतल्याचंही ठरून गेलं होतं.

एकट्या गुरुजींचं असतं तर गावानं सोडून दिलं असतं. पण ही साथ आहे. कोळसा खाणीतल्या जावयानं मागच्या वर्षी बायकोपोरांना नेलं, मग बँकेतल्या मॅडम जाऊन आल्या, मग राइस मिलवाल्यांची सून अडून बसली. धानाचे चुकारे खात्यात पडले की माणसं पूर्वी ट्रॅक्टरचा हप्ता भरत, नाहीतर कवेलू उतरवून स्लॅब टाकत. आता म्हणे चार जणांची विमानाची तिकिटं काढतात. आणि ज्यांचं खातं कोरडं, त्यांच्यासाठी ईएमआय आहेच. समुद्र आधी, हप्ते नंतर.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, सांगू? एक तार. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईपासून अंदमानपर्यंत समुद्राखालून टाकलेली इंटरनेटची केबल सुरू झाली, सुमारे २,३०० किलोमीटरची. त्याआधी तिकडं गेलेला माणूस आठवडाभर बेपत्ता असायचा आणि फोटो घरी परतल्यावर दाखवायचा. आता निळ्या पाण्यात उभं राहून ‘फीलिंग ब्लेस्ड’चं स्टेटस टाकलं, की इकडं चौकात पाच मिनिटांत पोटात दुखायला लागतं. केबल सरकारनं टाकली बेटांच्या विकासासाठी, विकास झाला पोंभुर्ण्यातल्या हेव्याचा.

जानेवारी २०२४ मध्ये तर कहर झाला. पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले, मालदीवच्या उपमंत्र्यांनी तोंड सोडलं, त्यांना निलंबित व्हावं लागलं, आणि आपल्याकडं ज्यांनी आयुष्यात ताडोब्याच्या गेटाचंही तिकीट काढलं नव्हतं, त्यांनी मालदीववर बहिष्कार टाकला. मग लक्षद्वीपची चौकशी सुरू झाली. तिकडं जायला परवाना लागतो, विमान कोचीहून अगत्तीला उतरतं, राहायच्या खोल्या मोजक्याच, हे कळल्यावर देशभक्तीची हवा जरा उतरली. थायलंड-बाली म्हटलं, की लेकरांचे पासपोर्ट काढा. उरलं अंदमान. विमान आहे, समुद्र आहे, पासपोर्ट लागत नाही, आणि सासऱ्यांना सांगायला भारदस्त कारणही आहे: ‘मुलांना सेल्युलर जेल दाखवायचा आहे, बाबा.’ सावरकरांचं नाव निघालं, की सासरे काय बोलणार?

पण आजी बोलतात. ‘काळ्या पाण्याले कोनी हौसेनं जाते का बापा?’ मुद्दा बिनतोड आहे. १९०६ साली बांधून पूर्ण झालेल्या त्या तुरुंगात १९११ मध्ये सावरकरांना नेलं, तेव्हा इंग्रज सरकारनं प्रवासखर्च तरी स्वतः केला होता. आता माणसं स्वतःच्या पैशानं जातात, वर दोन महिने आधी बुकिंग करतात! आजींचा दुसरा मुद्दा २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीचा. टीव्हीवर पाहिलेलं ते पाणी त्या विसरलेल्या नाहीत. आणि तिसरा मुद्दा सगळ्यांत धारदार: ‘महाशिवरात्रीले मार्कंड्याले चला म्हटलं तं गर्दी होते म्हनता. लेकराईले पानी अन् रेतीच पायजे ना? मंग वैनगंगा काय आटली?’

आजी, वैनगंगा आहे हो. पण रेती? ती अंधार पडला की ट्रॅक्टरमध्ये बसून आपल्याआधीच सहलीला निघते.

आता तारखांचा तमाशा ऐका. लेकरांच्या सुट्ट्या कधी? मे-जूनमध्ये. आपल्याकडं पारा ४५-४६ वर गेलेला, शाळा जूनच्या शेवटापर्यंत बंद, म्हणून हौशी मंडळी मेच्या शेवटाची तिकिटं काढतात. आणि ज्या मान्सूनकडं आपण इथं डोळे लावून बसतो, तो मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला आधी अंदमानातच उतरतो. म्हणजे उन्हातून पळालेलं कुटुंब थेट पावसाच्या स्वागत समितीत! समुद्र खवळला, की बेटाबेटांमधल्या बोटी रद्द होतात. मग हॉटेलच्या खोलीत चौघं, खिडकीवर पाऊस आणि लेकरांना मोबाइल. हा कार्यक्रम पोंभुर्ण्यात फुकट होतो. नोव्हेंबर म्हणाल, तर धान कापणीला आलेलं आणि बंगालच्या उपसागरात वादळांचा हंगाम. हवा खरी सोन्यासारखी जानेवारी-फेब्रुवारीत असते, पण तेव्हा शाळा असते. बिगरी-बालवाडीचं पोर आठ दिवस शाळेत गेलं नाही तर जग बुडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण इथं दांडी मारणाऱ्या पोरांचा बाप स्वतःच गुरुजी! यावर भिशीत दोन फेऱ्या चहा झाला.

प्रवासाचं म्हणाल, तर आपलं बल्लारशाह जंक्शन कामाला येतं. दिल्ली-चेन्नई मार्गावरची जीटी एक्सप्रेस, तामिळनाडू एक्सप्रेस तिथं थांबतात. एका रात्रीत चेन्नई, तिथून दोन-सव्वादोन तासांचं विमान. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, फक्त वेगळा बर्थ मिळत नाही, म्हणजे आईनं रात्रभर एका कुशीवर झोपायचं. खाणीतल्या जावयाच्या एका मित्रानं चेन्नईहून जहाजानं जायची टूम काढली होती. स्वस्त पडते म्हणे. जहाजाला साधारण तीन दिवस लागतात आणि पोटात काही टिकत नाही, हे ऐकल्यावर त्याच्या बायकोनं जे उत्तर दिलं, ते इथं छापता येणार नाही.

विमानाचा हिशेब तर आणखी चविष्ट. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर जातं, थोडेच पैसे पडतात. दोन पूर्ण झाली, की वेगळी सीट. त्यामुळं सध्या गावात मुहूर्त पंचांगावर ठरत नाहीत, जन्मदाखल्यावर ठरतात. ‘बंटीचा दुसरा वाढदिवस व्हायच्या आधी उरकून घेऊ,’ असं उघड बोललं जातं. त्यातही वाढदिवस सहलीच्या मधोमध आला, तर परतीला पूर्ण तिकीट! ज्या लेकराच्या नावानं एवढा खर्च, त्याला पुढं यातलं काही म्हणता काही आठवणार नाही. मग हे कुणासाठी? शूऽऽ, हा प्रश्न भिशीत विचारायचा नसतो.

पण खरी लाज वाटावी अशी गोष्ट पुढं आहे. या हौशी मंडळींची दिवसांची यादी पाहिलीत? पहिल्या दिवशी उतरल्या उतरल्या सेल्युलर जेल आणि रात्रीचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी रॉस बेट आणि नॉर्थ बे. तिसऱ्या दिवशी पहाटे बाराटांग. चौथ्या दिवशी हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, पाचव्या दिवशी नील, म्हणजे शहीद द्वीप. अहो, ही सहल आहे की निवडणुकीचा प्रचारदौरा? दुपारी झोपणाऱ्या पोराला या यादीत झोपायला जागा कुठं आहे? त्यात तिकडं घड्याळ आपलंच, पण सूर्य वेगळा. बेटं आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला असल्यामुळं सूर्य जवळपास तासभर आधी उगवतो आणि आधीच मावळतो. हिवाळ्यात पाच-सव्वापाचलाच अंधारायला लागतं. लेकरू पहाटे पाचला टक्क जागं आणि संध्याकाळी सहाला पेंगलेलं. तुम्ही त्याला ध्वनिप्रकाश कार्यक्रमात पिंपळाच्या झाडाच्या तोंडून क्रांतिकारकांचा इतिहास ऐकवायला नेणार, आणि ते पहिल्याच प्रसंगात भोकाड पसरणार. मागच्या रांगेतले प्रेक्षक मग इंग्रजांपेक्षा तुमच्यावर जास्त चिडतात.

बँकेतल्या मॅडम मात्र हुशार निघाल्या. त्यांनी एक बेट धरलं आणि चार रात्री तिथंच काढल्या. सकाळी उन्हं चढायच्या आत राधानगरचा किनारा, दुपारी पंख्याखाली झोप, चारला पुन्हा पाणी. स्कूबाच्या भानगडीत पडल्या नाहीत, कारण दहा वर्षांखालच्या मुलांना तसंही नेत नाहीत. मगरीची सूचना देणारा फलक पाहिला, की तिथं पाय घालायचा नाही, एवढंच पोरांना शिकवलं. वाघाच्या गावची पोरं ती, त्यांना असल्या फलकांचा अर्थ लवकर कळतो. यावर गावाची प्रतिक्रिया काय? ‘एवढे पैसे घालून एकच बेट पाह्यलं? अरेरे!’

आणि बाराटांग! चुनखडीच्या गुहा आहेत, खारफुटीतून होडी जाते, सगळं मान्य. पण सकाळी सहाचा ताफा गाठायला पोरांना रात्री तीनला उठवायचं, आणि वाटेत जारवा लोकांचं राखीव जंगल. तिथं गाडी थांबवता येत नाही, फोटो काढता येत नाही, खायला काही देता येत नाही. तरी परवा एक जण चौकात सांगत होता, ‘नशीब असलं तर लेकरांना आदिवासी दिसतात.’ ऐकून चहा कडू झाला. जानेवारी २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचवल्याचा व्हिडिओ जगभर गाजला, त्यावर केवढा गहजब झाला. आणि आपण कोण? गोंडांच्या शेजारात वाढलेली माणसं. भामरागडकडं गाड्या घेऊन येणारे शहरी पाहुणे माडिया बायकांसमोर मोबाइल धरतात, तेव्हा आपल्यालाच राग येतो ना? तोच मोबाइल आपण दोन हजार किलोमीटरवर जाऊन काढायचा, तोही पोरांदेखत? या एका मुद्द्यावर भिशी एकमतानं बोलली, आणि भिशी एकमतानं बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

खाण्याचं मात्र आपल्याला दुःख नाही. पुण्या-मुंबईची मंडळी तिकडं तिसऱ्या दिवशी पोळीसाठी व्याकूळ होतात म्हणे. आपलं पोट्टं वरण-भातावर वाढलेलं आणि मामा तलावातल्या मासोळीवर पोसलेलं. त्याला अंदमान सासुरवाडीसारखं मानवतं. त्यातही गंमत पाहा, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं जसं त्या बेटांवर वसवलं, तसंच वैनगंगेपलीकडं चामोर्शी-मुलचेऱ्यातही वसवलं. राइस मिलवाल्यांच्या सुनेनं स्वराज द्वीपच्या बाजारात माशाचा भाव चामोर्शीत शिकलेल्या मोडक्या बंगालीत केला आणि भाव खरोखर उतरला. तेव्हापासून तिचा भाव मात्र वधारलाय.

सगळ्यात हसं झालं ते जावयाचं. त्यानं पोरांना हौसेनं चाथमची आरा मशीन दाखवायला नेलं. १८८३ पासूनची, दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी बॉम्बचा खड्डाही तिथं आहे. पोरीनं लाकडाच्या ओंडक्यांकडं पाहिलं आणि विचारलं, ‘बाबा, आपण बल्लारशाहले परत आलो का?’ ज्या भागातलं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेलं, तिथल्या लेकराला लाकडाचं काय कौतुक! तिनं त्यापेक्षा खिसे भरून शिंपले गोळा केले, आणि तेही विमानतळावर बॅगेतून काढून ठेवावे लागले, कारण प्रवाळ-शिंपले बेटांवरून आणायला मनाई आहे. म्हणजे बापानं दाखवलेलं तिला आवडलं नाही, आणि तिला आवडलेलं आणता आलं नाही.

तर निकाल असा: जायचं तर जा, पण यादी पोरांच्या झोपेप्रमाणे करा. पंचांग पाहायच्या आधी मान्सून पाहा. आणि मागं वळून गावाकडं पाहू नका, गाव बोलणारच.

ता. क. ताजी खबर! काळ्या पाण्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्या त्याच आजी काल झेरॉक्सच्या दुकानात दिसल्या. हातात नातवाचा जन्मदाखला आणि स्वतःचं आधार कार्ड. दुकानदारानं विचारलं, तर म्हणाल्या, ‘लेकराले धराले कोनी तं पायजे ना.’