सुतार काय म्हणाला?

आमच्या परसातल्या शेवग्यावर सुतार येतो. म्हणजे पक्षी. माणसातला सुतार दिवाळीआधी ‘उद्या येतो’ म्हणून गेला तो गेलाच, आणि स्वयंपाकघराचं मागचं दार अजून चौकटीला घासतंय. हा मात्र सकाळी साडेसहाला कामावर हजर. सोनेरी पाठ, डोक्यावर लालभडक तुरा. ताठ शेपूट खोडाला टेकवून असा बसतो की बाकीचं शरीर आपोआप तोलून धरलं जातं.

निवृत्त माणसाला काहीतरी अभ्यास हवा, म्हणून मी याची भाषा शिकायला घेतली. वहीत दोन रकाने आखले : आवाज आणि अर्थ.

पहिला धडा सोपा गेला. थांबत थांबत, बेताल टक... टकटक म्हणजे सालीखालच्या मुंग्या-अळ्यांचा शोध, अर्थात न्याहारी. त्यात निरोप नसतो. पोहे खाताना मीही काही जाहीर करत नाही. पण वाळक्या फांदीवर एका दमात ‘टर्रर्र’ झडलं, की ती नोटीस. ओल्या लाकडाला नाद नाही, म्हणून फांदी वाळकी बघून निवडलेली. मजकूर असा : हे झाड माझं आहे आणि मी जोडीच्या शोधात आहे. सातबारा आणि ‘वधू पाहिजे’ एकाच आवाजात! मादीसुद्धा वाजवते, तेव्हा ‘वर पाहिजे’ही त्यातच.

गाडी अडली ती तिसऱ्या आवाजावर. उडताना तो ‘कि-कि-कि-किर्रर्र’ करून खदाखदा हसतो. दहा दिवस मी अर्थ लावत होतो : ‘निघालो’, ‘मांजर आलं’, ‘वहीवाला पुन्हा बसलाय’. अकराव्या दिवशी सौ. कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, “अहो, तारेवर बसून ओरडतोय तो खंड्या आहे. एवढा निळा दिसत नाही का?”

दोघांचं हसणं फसगत व्हावी इतकं सारखं. आता दहा दिवसांतलं कोणतं हसू कोणाचं, देव जाणे.

मग सौं.नी वहीच मागितली. चष्मा लावून वाचायला लागल्या. “पहाटे पाच चाळीस. कर्रर्र, दोनदा. अर्थ : प्रियाराधन.” वही मिटली. “पाच चाळीसला दूध आत घ्यायला मी दार उघडते.”

तुमच्या ओळखीत एखादा सुतार असेल तर कृपया कळवा. माणसातला.