बिलाचं बिल किती?

अहो वहिनी, या ना जरा कुंपणापाशी. ऐकलंत का? ब्रिटनच्या पंतप्रधान स्टार्मरनी २०२५ मध्ये ओळखपत्राचं परत काढलंच की! आता म्हणे डिजिटल. ब्लेअर सरकारच्या वेळी याच ओळखपत्रावरून एवढी शोभा झाली, तरी हौस आहेच...

तेव्हा ते ओळखपत्राचं बिल अडलं कुठे, तर हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात. त्यातल्या एकालाही कुणी मत देऊन पाठवलेलं नाही. घरातल्या रिटायर्ड आजोबांसारखे, पेपरात तोंड पण कान आपल्याकडे! सरकार म्हणालं, पासपोर्ट नि कार्ड मिळून वर्षाला ५८ कोटी पौंड. तिकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सवाल्यांनी दहा वर्षांचे मांडले थेट १,९२० कोटीपर्यंत! गृहमंत्री क्लार्कनी ते आकडे झिडकारले. बरं, मग तुमचा हिशोब दाखवा म्हटलं, तर ते धंद्यातलं गुपित. अहो, वाण्याची यादी का ही पदराखाली लपवायला? आजोबांनी जानेवारी २००६ मध्ये बिल अडवलं, आधी सगळा खर्च सांगा म्हणाले. सरकार ८१ मतांनी आपटलं. कसे उतरले असतील हो चेहरे!

आणि ती ‘ऐच्छिक’ची गंमत... कार्ड ऐच्छिक, फक्त पासपोर्ट नवा केलात की घ्यायचंच. आपल्या गणपतीच्या ‘ऐच्छिक’ वर्गणीसारखं, न देणाऱ्याचं नाव फळ्यावर! लॉर्ड्सनी परत पाठवायचं, खालच्यांनी पुन्हा वर धाडायचं. याला तिथे पिंगपाँगच म्हणतात. शेवटी आर्मस्ट्राँग आजोबांनी, थॅचरबाईंचे कॅबिनेट सेक्रेटरी होते ना तेच, मांडवली केली. २०१० पर्यंत कार्ड नको म्हणायची मुभा, पण नाव सरकारच्या ओळख-रजिस्टरात जाणारच. आणि खर्चाचा अंदाज दर सहा महिन्यांनी पार्लमेंटपुढे. मला विचाराल तर खरी जीत ती हिशोबाचीच. नावाच्या बाबतीत आजोबा जरा नमलेच.

पुढचं ठाऊकच आहे. २००९ च्या अखेरीस मँचेस्टरात ३० पौंडाला कार्ड सुरू, घेणारे जेमतेम १५ हजार. २०१० मध्ये सरकार बदललं नि बेत गुंडाळला. गंमत बघा, त्याच वर्षी आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार वाटलं, तेही फुकट. तिकडे मात्र त्या रजिस्टरच्या डिस्का मंत्र्यांनी स्वतः उभं राहून मशीनमध्ये घातल्या, पार चुरा!

आणि ते ३० पौंड? छे हो, कुणाला परत नाही दिले.