हुकाला अडकलेला जावई

डेन्मार्कमध्ये गाडी घ्यायची म्हणजे आधी सरकारला एक घेऊन द्यायची आणि उरलेल्या पैशांत आपली बघायची. नोंदणी कराचा सगळ्यांत वरचा टप्पा १५० टक्के, शिवाय २५ टक्के व्हॅट आहेच. त्यामुळे इथला माणूस छोटी गाडी घेतो, तिच्या मागे लोखंडी हूक बसवतो आणि मोठं काही न्यायचं झालं की हुकाला ट्रेलर जोडतो. सोफा, कापलेल्या फांद्या, बिघडलेला फ्रीज, सगळं त्यातून जातं.

ज्यांच्याकडे स्वतःचा ट्रेलर नाही त्यांच्यासाठी फर्निचरच्या आणि हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांबाहेर ते ओळीनं उभे असतात. काही तास चक्क फुकट. ट्रेलरच्या अंगावर दुकानाची जाहिरात असते आणि ती आपण आपल्या पेट्रोलवर गावभर मिरवतो, तेच भाडं. द्यायला-घ्यायला माणूस नाही. मोबाइलवर बुकिंग करायचं, जवळ जाऊन ॲपमधलं बटण दाबायचं, की ट्रेलरच्या तोंडाशी असलेलं कुलूप ‘टक्’ करून उघडतं. परत आणून उभा केला की पुन्हा बटण, पुन्हा टक्.

सासरे शिरोळहून आमच्याकडे आले तेव्हा ही गंमत त्यांना दाखवायचीच, असं मी ठरवलं. खरं तर नव्या कपाटाची आम्हाला काही घाई नव्हती. पण ‘जावई हुशार आहे, हाताला मात्र काही येत नाही’ हे त्यांचं मत लग्नापासून पक्कं होतं, आणि ते बदलण्यासाठी एक कपाट मला स्वस्त वाटलं.

“पावती कोण देतंय?” मामांनी विचारलं.

“कुणी नाही. सगळं मोबाइलवर.”

“आणि कुणी ट्रेलर पळवला तर?”

मी त्यांना ब्लूटूथ, जीपीएस आणि सर्व्हर समजावून सांगत ऐटीत बटण दाबलं. समोरचं कुलूप ढिम्म. पुन्हा दाबलं. “थंडीत बॅटरी मंदावते, मामा,” मी म्हणालो. शास्त्राप्रमाणे हे खरं आहे, म्हणून जरा मोठ्यानंच म्हणालो. मामांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते ओळीच्या टोकाकडे कान लावून उभे होते.

“जावईबापू, तुम्ही हितं दाबताय आणि वाजतंय तिकडं.”

टोकाच्या ट्रेलरवर माझ्या बुकिंगचा क्रमांक होता.

जोडणीत फारसं काही घडलं नाही. हुकाचा गोळा ५० मिलिमीटरचा, ट्रेलरची वाटी त्यावर बसते आणि हँडल खाली पडतं. दिव्यांच्या वायरीला ७ पिना आणि माझ्या गाडीला १३ भोकं निघाली, पण अडॅप्टर माझ्या डिकीत होता. त्या दिवसातलं माझं कर्तृत्व एवढंच, म्हणून नोंदवून ठेवतो. कपाट चढलं, घरी उतरलं. साध्या लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, सरळ जाताना तो मागे आहे हेही जाणवत नाही.

जाणवतं ते रिव्हर्सला. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं बूड उजवीकडे जातं. परत आल्यावर दोन ट्रेलरांच्या मधल्या फटीत आमचा ट्रेलर मागे घालायचा होता. मामांनी उमेदीची वर्षं ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली लावून कारखान्याच्या यार्डात उलटी घेण्यात घालवलेली. पण इथे गाडी चालवायचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, आणि माझ्याकडे नुसता परवाना होता. ते खाली उतरून हातवारे करू लागले.

“मारा. आणखी मारा. आता उलटं मारा. आवो, उलट्याच्या उलटं!”

एका क्षणी ट्रेलर इतका वळला की आरशात न बघताही खिडकीतून दिसू लागला. पलीकडे एक बाई स्वतःच्या गाडीत बसून शांतपणे सफरचंद खात होत्या. पुढचं बुकिंग त्यांचं होतं. माझी फुकटची मुदत संपत आली होती आणि त्यापुढे मीटर सुरू होणार होतं. कसाबसा तिरका का होईना, ट्रेलर आत गेला. मी खाली उडी मारली, चारही बाजूंचे फोटो काढले आणि मुदतीच्या आत ‘भाडं संपवा’ दाबलं. टक्. ॲपनं आभार मानले.

मग मी ट्रेलर सोडवायला हँडल उचलायला गेलो.

कुलूप नेमकं त्या हँडललाच जखडून धरतं. ट्रेलर रीतसर दुकानाला परत मिळाला होता आणि माझी गाडी रीतसर त्याला बांधलेली होती. हेल्पलाइनवरचा मुलगा फारच सभ्य निघाला. “तुमच्या नावावर आता काहीच येणं नाही,” त्यानं माझं अभिनंदन केल्यासारखं सांगितलं. “ट्रेलर जागेवर आहे.”

“आहे. मीपण आहे.”

कुलूप माणूस ओळखत नाही, चालू बुकिंग ओळखतं, हे त्यानं मला हळुवारपणे समजावलं. मी पुन्हा बुक करायला गेलो तर पुढचा वेळ भरलेला. भरणाऱ्या बाई सफरचंदाचा गाभा कागदात गुंडाळत होत्या.

“पाना हाय का गाडीत?” मामांनी हळूच विचारलं. त्यांच्या डोळ्यांत आल्यापासून पहिल्यांदाच चमक होती. मी घाईघाईनं नाही म्हणालो.

बाई आल्या. हुकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मामांना मान लववून नमस्कार केला. माझ्या तोडक्यामोडक्या डॅनिशमध्ये मी खुलासा सुरू केला, पण तो पहिल्या क्रियापदापर्यंत पोचायच्या आत त्यांनी बटण दाबलं होतं. टक्. त्या घडीला माझी गाडी त्यांच्या भाड्यात होती. त्यांनी हँडल उचलून ती मला परत केली.

मी बाजूला झालो. त्यांनी ट्रेलर आपल्या गाडीला जोडला, बाहेर काढला आणि दुकानाच्या माल भरायच्या दारापर्यंत, खांबांच्या मधून, एका हातानं, एकदाही न थांबता रिव्हर्समध्ये नेला. मामा टोपी सावरत बघत राहिले.

“जावईबापू,” ते म्हणाले, “बाईंना इचारा की, हंगामाला कारखान्यावर येतील का.”