फडके, भडके आणि पीएच.डी.

शिरढोणच्या वाटेने जाणाऱ्याला कविता होणं स्वाभाविक आहे. पनवेलहून गोव्याकडे निघालं की महामार्गालगत हे गाव, जवळच कर्नाळ्याचा सुळका, आणि ४ नोव्हेंबर १८४५ ला इथेच जन्मलेले आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके. त्यातून 'फडके'ला 'भडके' आयतं जुळतं. त्यांचं आडनाव कुलकर्णी असतं, तर निम्मे कवी मुके राहिले असते.

दर १७ फेब्रुवारीच्या, म्हणजे पुण्यतिथीच्या, आसपास या कविता बहरतात. पहिल्या कडव्यात सह्याद्री, दुसऱ्यात ज्वाला आणि भाला, तिसऱ्यात मोबाइलमध्ये बुडालेली आजची पिढी. नाव तेवढं बदललं की तीच कविता क्रांतिकारक चापेकर बंधूंना चालते. आणखी दोन शब्द बदलले की सरपंचांच्या वाढदिवसालाही. टाळ्या पडतात त्या फडक्यांच्या नावाला. कवी त्या घरी घेऊन जातो. नाक मुरडावं, तर शेजारचे गृहस्थ आपल्या देशभक्तीकडे संशयाने बघतात.

खरं तर वाईट साहित्य यमक फसल्यामुळे वाईट होत नाही. विषय एवढा थोर, की आता त्याच्याकडे बघायची गरजच उरली नाही, असं लेखकाला वाटलं की ते होतं. फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. दिवसभर सरकारी आकडेमोड करणाऱ्या या माणसाला आई आजारी असताना वेळेवर रजा मिळाली नाही, आणि तिची शेवटची भेट हुकली. रजेचा अर्ज मात्र यांतल्या एकाही कवितेत येत नाही. अर्जाला ज्वाला जुळत नाही ना!

स्वतः फडके आत्मचरित्र आणि रोजनिशी लिहीत होते. त्यांच्यावरच्या १८७९ च्या खटल्यात ती सरकारने पुरावा म्हणून पुढे आणली. इतका बारकाईने वाचणारा वाचक आमच्या कवींना मिळाला, तर निम्मे आपणहून माफीचे साक्षीदार होतील.

मग वाईट साहित्याचा गंभीर अभ्यास करावा का? जरूर करावा. आचार्य अत्र्यांनी तो कधीच केला होता. त्यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनकवितांचा संग्रह १९२५ मध्ये आला. विडंबन करायचं तर मूळ कवितेची खोड न् खोड पाठ लागते. एवढी मेहनत कौतुक करणारेही घेत नाहीत. चांगल्या कवितेत एका माणसाला काय दिसलं ते कळतं. वाईट कवितेत अख्ख्या समाजाने काय बघायचं टाळलं ते कळतं, कारण ती सगळ्यांना पसंत असलेल्या साच्यातून निघते. आम्हाला हुतात्मा हवा असतो, रजा नाकारलेला कारकून नको असतो, हे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा ही कडवी चोख सांगतात.

तेव्हा 'फडके-भडके यमकाचा उगम आणि विकास' या विषयाला विद्यापीठाने खुशाल मान्यता द्यावी. अट एकच. हा आजार संसर्गजन्य आहे. प्रबंधाची प्रस्तावनाच 'सह्याद्रीच्या कुशीत' अशी सुरू झाली, तर पदवी रोखून उमेदवाराला आधी पूर्ण पगारी रजा द्यावी.