नाक स्वस्त, दात महाग

दादरच्या पुलावर गर्दी तुंबली की इंग्रजी वर्तमानपत्रं ‘मेहेम’ लिहून मोकळी होतात. लालबागच्या रांगेत रेटारेटी झाली, मेहेम. वानखेडेवर कुणी षटकार ठोकले, तरी मेहेमच. एके काळी या शब्दासाठी निदान एखादा हात तुटावा लागे.

जुन्या इंग्रजी कायद्यात मेहेम म्हणजे माणसाला लढाईला निकामी करणं. राजाचा शिपाई कमी झाला हे खरं दुःख, माणसाचं काय ते मागाहून. म्हणून पुढचा दात पाडला तर मेहेम, कारण दात लढताना कामी येतो. नाक-कान कापले तर मात्र नाही. चेहरा तेवढा बिघडला, तलवार चालतेच की! नाकासाठी कर्ज काढणाऱ्या गिरगावकराला हे पटणं कठीण. १६७० साली राजाच्या रंगेलपणावर शेरा मारणाऱ्या जॉन कॉव्हेंट्री या खासदाराचं नाक चिरलं गेलं, तेव्हा कुठे पार्लमेंटने घाईने नवा कायदा केला. (खासदाराच्या नाकाला लागल्याशिवाय कायदा हलत नाही, हे तेव्हापासूनचं.)

इकडे इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेतून नाक गमावून परतला. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ज्यांच्या कायद्यात नाकाला भाव नव्हता, ते नाक जोडायला आपल्याकडून शिकले.

मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या दंडसंहितेत मेहेमच्या जागी ‘जबर दुखापत’ आली. कलम ३२० ने नाकालाही न्याय दिला: चेहरा कायमचा विद्रूप झाला तरी जबर. हाड मोडलं, दात पडला, तरी जबर. पण यातलं काहीच नाही आणि जिवालाही धोका नाही, तर मग कसोटी वीस दिवसांची. तेवढे दिवस तीव्र वेदना हव्यात, नाहीतर नेहमीचे व्यवहार बंद हवेत.

परळच्या गिरणीतल्या बदली कामगाराने वीस दिवस आणायचे कुठून? पाठ सोलून निघाली तरी तिसऱ्या दिवशी भोंग्याला तो फाटकावर हजर. वेदना मस्टरवर चढत नाहीत, खाडे चढतात. मग दुखापत ‘साधी’!

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने ही मुदत पंधरा दिवसांवर आणली. गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत आणि तिथे पार्सल पोचवणाऱ्या पोराला खाड्याचे पैसे मिळत नाहीत. त्याला पंधराही परवडणार नाहीत.