आठ दिशांचे आठ सूर्य

सोलापुरात सावली ही बघायची नसते, गाठायची असते. मार्च संपता संपता सिग्नलवरचे दुचाकीवाले पांढऱ्या पट्ट्याच्या कितीतरी मागे, झाडाची सावली जिथं संपते तिथंच गाड्या उभ्या करतात आणि हिरवा दिवा लागला तरी क्षणभर विचार करतात. पारा 43-44वर गेला की ओळखीचा माणूस समोरून येताना दिसला तरी आपण आधी तो कुठं थांबणार हे बघतो. उन्हात थांबला तर ओळख दाखवत नाही. अशा गावात हयात गेलेल्या माणसाला सावली ‘काढायला’ सांगणं, आणि तीही अंतराळात उडणाऱ्या यानाची, हे फक्त माझ्या पुतण्यालाच सुचू शकतं.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. म्हणजे तो रात्रभर जागतो आणि दुपारी उठतो. त्याला ‘सिव्हिलायझेशन’ नावाच्या खेळाचा नाद आहे. त्यातला तिसरा भाग 2001 साली आला, म्हणजे खेळ जवळजवळ त्याच्याच वयाचा. नकाशावर गावं वसवायची, घोडेस्वार पाठवायचे, शेजाऱ्याची जमीन हडपायची, असा एकूण आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखाच प्रकार. पण या खेळाची एक खुबी अशी की, त्यातली चित्रं काढून आपली घालता येतात. याला सगळा नकाशाच अंतराळात न्यायचा होता. गवताच्या जागी चांदण्या, समुद्राच्या जागी तेजोमेघ आणि घोड्याच्या जागी यान.

“काका, तुम्ही डिझायनर ना?” त्यानं विचारलं.

होतो. चादरीच्या कारखान्यात निम्मं आयुष्य मी ग्राफ पेपरवर मोर काढले. एकेक चौकोन भरायचा, त्यावरून जॅकार्डची कार्डं पंच व्हायची. जिथं भोक तिथं धागा उचलला जाणार, जिथं नाही तिथं तो खालीच राहणार. मोराची मान वळवायची तर ती पायऱ्यापायऱ्यांनीच वळते. पुतण्या म्हणाला, याला पिक्सल आर्ट म्हणतात आणि परदेशात याचे चांगले पैसे मिळतात. मालकांच्या हयातीत हे कळलं असतं तर निदान दिवाळीच्या बोनसचं बोलून बघितलं असतं.

तर यान. ते त्यानं ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलं होतं आणि दिसायला खरंच झकास होतं. पण खेळाला 256 रंगांची पेटी लागते, एक रंग जास्त नाही. त्यातला एक भडक गुलाबी. हा गुलाबी जिथं भरला तिथं खेळ काहीच दाखवत नाही, मागची जमीन दिसते. म्हणून यानाभोवती सगळीकडं गुलाबी फासायचा. आता संगणक स्वतःला शहाणा समजून यानाच्या कडा मऊ करतो, म्हणजे यानाचा राखाडी आणि मागचा गुलाबी कडेला एकमेकांत मिसळतो. तो मिसळलेला रंग खेळाला गुलाबी वाटत नाही, म्हणून तो लपवत नाही. परिणाम असा की प्रत्येक यानाला बारीक गुलाबी किनार.

“किनार ठेवा हो,” बायको मागून म्हणाली. “राखाडीवर गुलाबी खुलतो.”

पुतण्यानं एकेक ठिपका मोठा करून ती किनार खुडून काढली. काकूला अजून ते पटलेलं नाही.

मग सावली. रंगांच्या पेटीच्या शेवटी काही रंग खास तिच्यासाठी राखून ठेवलेले असतात. त्या रंगांनी काढलेला भाग खेळ अर्धपारदर्शक करतो, मग खालचं गवत थोडं काळपट दिसतं आणि घोडा जमिनीवर उभा आहे असं वाटतं. घोड्याला हे ठीक. पण याच्या यानाखाली गवतच नव्हतं! ब्लेंडरनं सवयीप्रमाणं यानाची ऐसपैस सावली खाली पाडली होती, आणि ती पडली होती चांदण्यांवर. एवढं मोठं आंतरग्रहीय यान नुकत्याच पुसलेल्या काळ्या कडप्प्यावर ठेवल्यासारखं दिसायला लागलं.

“अंतराळात सावली पडते कशावर बे?” मी विचारलं.

“पडत असंल की कुठंतरी.”

“कुठंतरी म्हणजे? सावलीला पडायला काहीतरी लागतं.”

“आणि अजिबात नसली तर?” बायको म्हणाली. “ज्याची सावली पडत नाही त्याला भूत म्हणतात.”

यावर आम्हा दोघांकडंही उत्तर नव्हतं. पुतण्यानं सावली पुसून बघितली, तर भूतच झालं. यान तरंगेना, कुणीतरी तिकिटासारखं डकवल्यागत दिसायला लागलं! म्हणजे सावली ठेवली तरी खोटं, काढली तरी खोटं.

इथं मला नव्या पेठेतल्या पाट्या रंगवणारे पेंटर आठवले. ‘वस्त्र भांडार’ लिहायचं आणि अक्षरांना उजवीकडून, खालून काळी सावली द्यायची. दुकान पूर्वेला तोंड करून असो की पश्चिमेला, पाटीवरचा सूर्य कायम डावीकडं वर. विंडोज 95ची बटणंसुद्धा तशीच होती, वरची आणि डावी कड उजळ, खालची आणि उजवी काळी; ती काढणाऱ्यांनी सोलापूर पाहिलं असण्याची शक्यता कमी. डोळ्यांचीच ती खोड आहे. उजेड वरून येतो असं मेंदू आधी धरून चालतो आणि मग वस्तू उंच आहे की खोल ते ठरवतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1988 साली ‘नेचर’मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. निव्वळ छटा दिलेली गोल वर्तुळं दाखवायची. वरून उजळ असली तर फुगवटे दिसतात, तीच उलटी केली की खळगे.

पुतण्याच्या चंद्रावर हेच उलटं झालं होतं. त्यानं विवरं काढली होती, पण उजेड खालून दिला होता. सगळा चंद्र तव्यावर नीट न भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीसारखा फोडाफोडांनी फुगलेला. चित्र फक्त उलटं फिरवलं आणि फोडांची विवरं झाली. माझी घरातली किंमत त्या संध्याकाळी बरीच वाढली. चहा न मागता आला.

खरा घोळ पुढं होता. यान खेळात आठ दिशांना तोंड करून दाखवावं लागतं, म्हणजे आठ चित्रं. पुतण्यानं वेळ वाचवायला एकच चित्र काढलं आणि ते आठ वेळा गोल फिरवलं. चित्र फिरलं तसा त्याच्यावरचा उजेडही फिरला. उत्तरेला जाणाऱ्या यानाला ऊन डावीकडून, दक्षिणेला जाणाऱ्याला उजवीकडून. दोन यानं शेजारी उभी केली की एकाची डावी कड उजळ, दुसऱ्याची उजवी. आठ दिशांना आठ सूर्य! अष्टदिक्पालांना एकेक वाटून दिल्यासारखे. एका सूर्यानं इथं मे महिन्यात काय हाल होतात ते सगळा जिल्हा जाणतो.

“यान फिरव,” मी म्हणालो, “पण दिवा खिळ्यानं ठोक.” ब्लेंडरमध्ये दिवा जागेवर ठेवून खालचं यानच फिरवता येतं. प्रत्येक वेळी नवं चित्र काढून घ्यावं लागतं, रात्री जातात. पण पुतण्याच्या रात्री तशाही मोकळ्याच असतात.

एकच सूर्य सावली कशी फिरवतो ते दाखवायला मेमध्ये त्याला गच्चीवर नेलं. सोलापूर कर्कवृत्ताच्या बरंच खाली, साडेसतरा अंशांच्या थोडं वर. त्यामुळं सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या दहा-अकरा तारखेला आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला. पाण्याची बाटली उभी केली. साडेबारा वाजायला थोडा अवकाश असताना तिची सावली तिच्याच बुडाखाली गेली. आणखी एक गंमत सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात भरदुपारी आपली सावली दक्षिणेला पडते. मी बरीच वर्षं उत्तरेकडच्या भिंतीला स्कूटर लावून जूनमध्ये सीट का भाजते म्हणून घरमालकाला दोष देत होतो.

पुतण्या गच्चीवर जेमतेम पाच मिनिटं टिकला, पण खाली येऊन त्यानं खऱ्या यानांच्या सावल्या शोधायला घेतल्या. आणि सापडल्या की! जपानच्या हायाबुसा यानानं 2005च्या नोव्हेंबरात इतोकावा लघुग्रहाजवळ जाऊन स्वतःच्याच सावलीचा फोटो काढला होता. आपल्या विक्रम लँडरनं 23 ऑगस्ट 2023ला चंद्रावर उतरल्यावर जो पहिला मुलूख दाखवला, त्यात त्याचा एक पाय आणि त्या पायाची सावली आहे. सावली पडते, पण जवळ पडायला काही असेल तेव्हाच.

शेवटी तो मंगळयानावर आला. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं ते यान 2014च्या सप्टेंबरात मंगळाच्या कक्षेत शिरलं आणि साडेसात वर्षं चाललं. त्याच्या बॅटऱ्या सुमारे एक तास चाळीस मिनिटांचा अंधार सोसतील अशा होत्या. लांबलचक ग्रहण टाळायला 2017च्या जानेवारीत इस्रोनं त्याची कक्षा बदलली. पण 2022च्या एप्रिलमध्ये मंगळाची सावली काही तास हटली नाही आणि संपर्क तुटला तो तुटलाच.

“म्हणजे काका,” पुतण्या म्हणाला, “यानाची सावली काढत बसायचंच नाही. यान सावलीत सापडतं, ते दाखवायचं.”

पोरगं वाया गेलेलं नाही, असं मला तेव्हा प्रथमच वाटलं. त्यानं यानाखालची सावली कायमची काढून टाकली. पंखाची सावली पोटावर आणि शेपटीची पाठीवर, एवढीच ठेवली. तेवढ्यानंच ते भूत वाटायचं थांबलं. मूळ खेळात जिथं दलदल असते, जिथं सैन्य रखडतं, तिथं ग्रहामागचा काळोखाचा सुळका टाकला. तो सुळका मी काढला, निळसर काळा, चौकोन चौकोन भरून. आता त्यात शिरलेलं यान रडतखडत बाहेर येतं.

“आता आवाज,” पुतण्या म्हणाला.

“अंतराळात हवा नाही. आवाज कुठला?”

“खरंय. पण आवाज नसला तर खेळायला मजा येत नाही.” आणि तो मोबाईल घेऊन पूर्व भागात मित्राच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये गेला. त्यामुळं सध्या आमच्या पुढच्या खोलीत रात्री अकरानंतर एक आख्खं आरमार शनीवर चाल करून जातं, खडाक-फट्, खडाक-फट्, टॉवेल विणत.