शिकाऊ मामा

अठरा वर्षे पूर्ण झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी आमची भाची प्रश्नोत्तरांची एक पातळशी पुस्तिका घेऊन आमच्या घरी दाखल झाली, आणि लहानपणी ज्या अधिकाराने तिने आमच्याकडून राक्षसांच्या गोष्टी वसूल केल्या होत्या त्याच अधिकाराने, आमच्या हातचे वर्तमानपत्र बाजूस सारून, ‘मला लर्निंग लायसन्सची परीक्षा द्यायचीय, मामा, तू माझं पाठांतर घे,’ असे फर्माविती झाली. येथे एका भाषिक योगायोगाची नोंद केली पाहिजे. आमच्या शहरात चौकात उभ्या असणाऱ्या वाहतूक पोलिसालाही लोक ‘मामा’च म्हणतात, आणि तो मामा दृष्टीस पडताच भाचरे जी गल्ली सापडेल तीत अंतर्धान पावतात. आमच्यापाशी मात्र भाची आपणहून आली होती. आणि पक्की अनुज्ञप्ती खिशात बाळगून ज्याला पस्तीस वर्षे होत आली त्या गृहस्थास या विषयातले गुरुपद मिळावे, यात आम्हांस वावगे असे काही दिसले नाही.

पुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाखाली तीन पर्याय होते. पहिलाच प्रश्न अरुंद पुलाचा निघाला: आपण पुलाशी पोहोचलो आहोत, समोरून दुसरे वाहन पुलावर शिरण्याच्या बेतात आहे, तर आपण काय करावे? भाची विचार करीत असता, केवळ तिला धीर यावा म्हणून, ‘डिपर द्यायचा आणि घुसायचं,’ असे आम्ही सांगून मोकळे झालो. दिवे लावून पूल ओलांडणे हा पर्याय छापलेला असला तरी तो चूक आहे, समोरचे वाहन पार होईपर्यंत थांबणे हे बरोबर उत्तर आहे, असे तिने शेवटची पाने चाळून शांतपणे सांगितले. दुसरा प्रश्न पादचाऱ्यांचा. झेब्रा पट्ट्यांपाशी माणसे खोळंबली असता आम्ही भोंगा वाजवून, वेग जरासा कमी करून (हा ‘जरासा’ आमच्या सौजन्याचा) पुढे निघून गेलो, तेही चुकले. तिसरा रुग्णवाहिकेचा. समोरून वाहने येत नसतील तर तिला वाट द्यावी, हे आमचे उत्तर माणुसकी आणि व्यवहार यांचा सुरेख मेळ घालणारे आहे अशी आमची समजूत होती. परंतु गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन तिला बिनशर्त वाट मोकळी करून द्यावी, असे पुस्तिकेचे म्हणणे पडले. चौथा प्रश्न येण्यापूर्वी आम्ही चष्मा पुसावयास घेतला.

पराभवाच्या त्या घटकेतच आमच्यातला वाङ्मयाचा अभ्यासक जागा झाला. आम्ही तिन्ही वेळा चुकलो हे खरे; परंतु त्यांतले एकही उत्तर आम्ही पदरचे दिले नव्हते, प्रत्येक उत्तर आधीच पुस्तिकेत छापलेले होते. म्हणजे आम्ही काय करणार हे कोणाला तरी पुरते ठाऊक होते! तेव्हापासून आमचे असे ठाम मत झाले आहे की ही पुस्तिका एका हातची नव्हे. बरोबर उत्तरे ज्याने लिहिली तो १९८८ चा मोटार वाहन अधिनियम आणि १९८९ चे केंद्रीय नियम पुढ्यात घेऊन, कचेरीच्या वेळात, पंख्याखाली बसला असावा. त्याच्या वाक्यांना दफ्तरातल्या कागदाचा वास आहे. चुकीचे पर्याय ज्याने रचले तो मात्र वर्षानुवर्षे कोणत्या तरी चौकातल्या चहाच्या टपरीवर बसून, पुढचा कप सांगत सांगत, मनुष्यस्वभावाचे निरीक्षण करीत राहिलेला असला पाहिजे. ‘वेग वाढवून आधी शिरावे’, ‘भोंगा वाजवून निघून जावे’, ‘रस्ता रुंद असल्यास डावीकडून ओलांडून जावे’ — यांत कल्पनेचा अंशही नाही, सारे आँखों देखा हाल म्हणतात तसे आहे. मराठी कथेत वास्तववाद उशिरा आला म्हणून जे समीक्षक हळहळतात त्यांनी हे चुकीचे पर्याय सलग वाचून काढावेत. आणि पुढेमागे कधी काळी उत्खननात ही पुस्तिका कोणा संशोधकाच्या हाती लागली, तर आमच्या काळाच्या लोकस्थितीविषयी लिहिताना त्याने बरोबर उत्तरांवर विसंबू नये, एवढी सूचना आम्ही आजच करून ठेवतो.

त्या अज्ञात निरीक्षकाची एकच उणीव दाखवावयाची तर ती रुग्णवाहिकेच्या प्रश्नात आहे. वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असे कलम १९४-ई सांगते. परंतु आमच्याकडे वाट न देणारे थोडे. भोंग्याचा आवाज कानी पडताच बहुतेक सज्जन बाजूस होतात, आणि ती पुढे सरकताच तिच्यामागे मोकळ्या झालेल्या जागेत जी शर्यत लागते ती पाहून, आत रुग्ण एकच असला तरी त्याचे आप्त दोनशे असावेत आणि ते सारे कासावीस होऊन दुचाकींवरून त्याच्यामागे निघाले असावेत, असा परक्या माणसाचा समज व्हावा. ‘आधी वाट द्यावी व नंतर तिच्याच वाटेने जावे’ हा चौथा पर्याय पुस्तिकेत हवा होता.

परीक्षेचे विषय केंद्रीय नियमावलीच्या अकराव्या नियमाने ठरवून दिले आहेत: चिन्हे, इशारे आणि रस्त्याचे नियम, अपघातात कोणास इजा झाली असता चालकाची कर्तव्ये, पहारेकरी नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची खबरदारी, आणि जवळ बाळगावयाचे दस्तऐवज. त्यांपैकी फाटकाचा विषय आम्हांस विशेष हृद्य वाटतो. गाडी थांबवावी, खाली उतरावे, रुळांपर्यंत पायी चालत जावे आणि दोन्ही बाजूंनी आगगाडी किंवा ट्रॉली येत नसल्याची खात्री करून मगच परत येऊन गाडी पुढे काढावी, असा त्याचा विधी आहे. ब्रॉडगेज मार्गांवरची तसली फाटके २०१९ च्या आरंभापर्यंत रेल्वेने निकालात काढली. परीक्षेत मात्र उमेदवार अजूनही गाडीतून उतरून रुळांकडे चालला आहे.

पंधरा प्रश्न असतात आणि नऊ बरोबर आले की उमेदवार उत्तीर्ण. भाचीला यात दिलासा वाटला. आम्हांस यात शासनाचा उदार दृष्टिकोन दिसला. पंधरांतले सहा नियम तुम्हांस ठाऊक नसले तरी चालेल, असे खुद्द सरकारच म्हणत असेल, तर ते सहा कोणते हे ठरविण्याचे स्वातंत्र्य अर्थातच नागरिकाकडे येते. आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी आपल्या सहांत एकेरी मार्ग घेतला आहे. खालच्या मजल्यावरच्या किराणा दुकानदाराने पार्किंग घेतले आहे. कॉलेजातली मुले सहाचे सहा एकाच दुचाकीवर, ट्रिपल सीट बसून, तिघांत वाटून घेतात.

आमची स्वतःची परीक्षा कशी झाली, असा प्रश्न भाचीने मध्येच विचारला, आणि वडीलधाऱ्यांना न विचारण्याजोग्या प्रश्नांत त्याची गणना व्हावी असे आम्हांस वाटले. नवा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अंमलात आला आणि आमची अनुज्ञप्ती त्यानंतर वर्षभरातली. म्हणजे कायदा आणि आम्ही एकाच सुमारास रस्त्यावर आलो, परंतु आमची गाठ पडली नाही. परिवहन कचेरीच्या आवारात (कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही) एका झाडाखाली एजंटाचे टेबल होते. त्याने आमच्याकडून चार सह्या आणि ठरलेली रक्कम घेतली व ‘साहेब विचारतील तेव्हा फक्त हो म्हणा’ असा कानमंत्र दिला. साहेबांनी आम्हांस एक चिन्ह दाखवून ‘हे भोंगा वाजवू नये ना?’ असे विचारले. आम्ही हो म्हणालो. मग स्कूटरवरून, पाय जमिनीला न टेकविता, इंग्रजी आठाचा आकडा काढावयाचा होता, तो मात्र आम्ही स्वकष्टाने काढला. त्या साऱ्या सोपस्कारातून एवढे एकच कौशल्य पुढे जन्मभर आमच्या उपयोगी पडले. कारण आमच्या रस्त्यावरील खड्ड्यांची मांडणी अशी आहे की ऑफिसला पोहोचेपर्यंत मनुष्य असे वीस-पंचवीस आठ सहज काढतो.

अर्जासोबत ‘नमुना १’ म्हणून एक कागद असतो, त्यावर उमेदवाराने आपल्या प्रकृतीविषयी स्वतःच प्रतिज्ञापूर्वक निवेदन करावयाचे असते. स्वच्छ उजेडात पंचवीस मीटरांवरून मोटारीची नंबरपट्टी वाचता येते काय? तांबडा आणि हिरवा हे रंग वेगवेगळे ओळखता येतात काय? भाचीने दोन्हींस ‘होय’ लिहिले. आम्हीही त्या काळी ‘होय’ लिहिले होते, आणि आज ज्यांना चौकाचौकांतून आम्ही तांबड्यातून निघून जाताना पाहतो त्या सर्वांनीही ‘होय’च लिहिलेले आहे. दृष्टिदोषाची सबब राज्यात कोणासही उपलब्ध राहू नये, एवढी तजवीज हा कागद निश्चित करतो.

चिन्हांचा अभ्यास आम्ही लवकर उरकला. वर्तुळात असेल तो हुकूम, त्रिकोणात असेल तो सावधगिरीचा इशारा, चौकोनात असेल ती माहिती. ‘आणि त्याहून मोठ्या चौकोनात हात जोडलेला माणूस असेल तर?’ असे भाचीने विचारले. तो वाढदिवसाचा फ्लेक्स. त्याच्यामागे वरील तिन्हींपैकी काहीही असू शकते, असे आम्ही सांगितले, आणि त्या दुपारी आमचे बरोबर आलेले हे पहिले उत्तर.

दंडांच्या प्रकरणाशी आल्यावर भाचीचा चेहरा गंभीर झाला. अनुज्ञप्तीवाचून गाडी चालविल्यास पाच हजार! अधिनियमातील दंड १ सप्टेंबर २०१९ पासून असे वाढले. परंतु त्याच ऑक्टोबरात विधानसभेच्या निवडणुका होऊ घातल्या असल्यामुळे म्हणा किंवा अन्य काही कोमल भावनेमुळे म्हणा, महाराष्ट्र शासनाने ते तूर्त लागू न करण्याचे ठरविले, आणि प्रत्यक्ष अंमल सुरू होण्यास डिसेंबर २०२१ उजाडावे लागले. मधल्या दोन वर्षांत आम्ही रस्त्यावर जुन्या दराने चुकत होतो. दंडाविरुद्ध मोर्चे निघाले, हेल्मेटाविरुद्ध तर आमच्या शहरात सभा झाल्या, त्यांत एक-दोन ठिकाणी आम्ही स्वतः टाळ्या वाजविल्या आहेत, आणि मस्तक हा नागरिकाचा खासगी प्रांत असून तेथे सरकारी फर्मान चालू नये हा युक्तिवाद तेव्हा आम्हांस बिनतोड वाटला होता. भाचीने पुस्तिका मिटली आणि आपल्या फोनवर काही शोधून एक आकडा वाचून दाखविला: २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. ‘हे तुझे टाळ्या वाजवणारे का, मामा?’ असे तिने विचारले नाही. ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

तो प्रश्न असा होता: पांढरी काठी हाती घेतलेला अंध मनुष्य रस्ता ओलांडीत असता चालकाने काय करावे? बरोबर उत्तराची भाषा आम्हांस या साऱ्या रुक्ष दस्तऐवजात एकाएकी काव्यासारखी वाटली, म्हणून तिचा आशय देतो: चालकाने ती पांढरी काठी हेच थांबण्याचे चिन्ह मानावे. पालिकेने खांब रोवला नाही, पोलीस हजर नाही, दिवा विझलेला आहे. तरी एका वृद्धाच्या हातातली काठी ही त्या घटकेपुरती राज्यसत्तेची मुद्रा. भाचीने हे उत्तर दोनदा मोठ्याने म्हटले. आम्ही चुकीचे दोन पर्याय वाचून दाखविले नाहीत.

परीक्षा घरीच झाली. २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे ती घरबसल्या देता येते; त्यामुळे झाडाखालचे टेबल जाऊन त्याच्या जागी आमचे जेवणाचे टेबल आले, आणि संगणकाच्या डोळ्यापुढे भाची एकटी बसली असता आम्ही सर्व मंडळी स्वयंपाकघराच्या दाराआड श्वास रोधून उभे राहिलो. पंधरांपैकी तेरा आले. चुकलेले दोन कोणते, ते तिने सांगितले; दोन्ही ठिकाणी तिला ऐन वेळी आमचे उत्तर आठवले होते.

सहा महिन्यांच्या मुदतीची शिकाऊ अनुज्ञप्ती हाती पडली, स्कूटरला पुढेमागे पांढऱ्यावर तांबडा ‘एल’ लागला, आणि नियमाप्रमाणे शिकविणारा म्हणून पक्क्या अनुज्ञप्तीचे धारक असे आम्ही, आयुष्यात प्रथमच खरेदी केलेले हेल्मेट डोक्यावर चढवून, तिच्यामागे बसलो. मंडईकडच्या चौकात दिवा बंद होता. उजवीकडच्या पदपथावरून एक गृहस्थ काठीने रस्त्याची कड चाचपीत खाली उतरले; काठी पांढरी होती. ‘निघ, निघ, जागा आहे,’ असे आमच्या तोंडून पस्तीस वर्षांच्या सवयीने निघूनही गेले. परंतु भाचीने ब्रेक दाबला, दोन्ही पाय जमिनीला टेकविले आणि ती स्वस्थ उभी राहिली.

मागून भोंग्यांचा एकच गजर उठला. एक रिक्षा डावीकडून, एक मोटारसायकल उजवीकडून निघून गेली. ते गृहस्थ रस्त्याच्या मध्यावर आले, थबकले, पुन्हा चालू लागले. इतक्यात मागचा एक तरुण आपली गाडी स्टँडला लावून, भर रहदारीत, धावतच आमच्यापाशी आला आणि मनापासूनच्या कळवळ्याने म्हणाला, ‘काका, बंद पडली का? धक्का देऊ?’

आम्ही काठीकडे बोट दाखविले. त्याने त्या दिशेने पाहिले, पुन्हा आमच्याकडे पाहिले, आणि तो तसाच उत्तराची वाट पाहत उभा राहिला. तेव्हा पेट्रोल संपले आहे असे आम्ही त्याला सांगितले, आणि ते त्याला ताबडतोब पटले.